तिसऱ्या परिच्छेदातली स्तुती

माझ्या हातून आजवर जे सगळ्यात चांगलं इंग्रजी उतरलं, ते एका माणसाची नोकरी घालवण्यासाठी लिहिलेलं होतं. फुलस्केपची दोन पानं होती आणि त्यांत एकही वाक्य खोटं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो. ज्यांच्याविषयी लिहायला बसलो आहे त्यांची रीतच अशी होती की कागद समोर आला की आधी लिहिणारा तपासायचा आणि मग मजकुराकडे वळायचं. तेव्हा वाचणाऱ्यांनी मला तपासून घ्यावं. पुढे मी त्यांची बरीच थट्टा करणार आहे. दोषी माणसाला थट्टा सोयीची पडते, एवढं ध्यानात ठेवलं म्हणजे झालं.

मी ज्या हायस्कुलात मास्तर होतो तिथेच ते इतिहास शिकवत. जन्म सांगोल्याकडचा, नोकरी सोलापुरात आणि चित्त आयर्लंडात. पुण्यापलीकडे त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं, तरी मास्तरांच्या खोलीत त्यांना 'डब्लिनकर' म्हणत आणि पोरांनी ते नाव पेठापेठांत पोचवलं होतं. त्यांना त्याचा राग नव्हता. तेसुद्धा कुणाला नावाने हाक मारत नसत. "नाव माणूस स्वतः सांगतो, गाव चौकशीत निघतं," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे मी त्यांच्या लेखी कायमचा 'मंगळवेढेकर'. हेडमास्तरांचं गाव केम. तरुणपणी त्यांनी केम सोडलं ते पुन्हा त्या स्टेशनावर न उतरण्यासाठी. त्यांना हे तोंडावर 'केमकर' म्हणत आणि हेडमास्तर दर हाकेला नव्याने दुखावत.

आयर्लंड त्यांना सापडलं ते बेगम पेठेतल्या एका रद्दीच्या दुकानात. कॅम्पातला कुणी जज्जसाहेब विलायतेला परत गेला, त्याच्या सामानाचा लिलाव झाला, आणि लिलावात जे कुणीच घेतलं नाही ते रद्दीवाल्या चाचांकडे आलं. त्यात विटकरी कापडात बांधलेले जाडजूड इंग्रजी खंड होते. चाचा त्यांच्यावर उभे राहून वरच्या फळीवरचा माल काढत.

"ये किताबां नै मास्टरसाब, ईटां हैं," चाचांनी प्रामाणिकपणे सांगितलं. "कागज इत्ता मोटा है, शेंगदाने की पुडी बी नै बंधती. लेके क्या करते तुमे?"

"वाचतो."

चाचांनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि स्वतः उठून टांगा बोलावून आणला. गिऱ्हाईक शुद्धीवर यायच्या आत माल घरी पोचलेला बरा, असा त्यांचा विचार असावा. गिऱ्हाईक पुढे कधीच शुद्धीवर आलं नाही.

त्या विटांमध्ये काय होतं ते सांगतो. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्रजांचा अंमल आयर्लंडात बसत होता. डब्लिनच्या किल्ल्यातले अंमलदार लंडनला, आधी राणीच्या आणि पुढे राजाच्या दरबारी, पत्रामागून पत्र पाठवत. त्या सरकारी पत्रांचे गोषवारे विलायत सरकारने वर्षवार छापले होते. त्यांत वेढे होते, गुरांच्या धाडी होत्या, फितूर सरदार, माफी मिळालेले सरदार, आणि माफी मिळाल्यावर पुन्हा फितूर झालेले सरदार. बहुतेक पत्रं एकाच ढंगाची: शत्रू पुरता मोडला आहे, तरी आणखी शिपाई व पैसा तातडीने पाठवावा. आमचे गृहस्थ हे सगळं पोथी लावल्यासारखं रोज संध्याकाळी वाचत. जज्जसाहेबाच्या संचात एक खंड मात्र नव्हता. उत्तरेकडचे मोठे सरदार जहाजात बसून देश सोडून कायमचे निघून गेले, नेमका त्या सालचा. "माझ्या दफ्तरात ते अजून गेलेले नाहीत," असं ते हट्टाने सांगत, आणि त्या सरदारांविषयी बोलताना नेहमी वर्तमानकाळ वापरत. "तो फार गोड लिहितोय सध्या," ते त्यांतल्या एकाविषयी काळजीने म्हणत. "काहीतरी करणार."

त्या दिवसांत आयर्लंडचं नाव निघालं की गावातल्या सुशिक्षितांच्या छात्या फुगत. दोन-चार आयरिश देशभक्तांची नावं पाठ असणं हे धोतराच्या निऱ्या नीट असण्याइतकं आवश्यक झालं होतं. आपल्या गावात आयर्लंडचा एवढा मोठा अभ्यासक आहे हे कळल्यावर वाचनालयाच्या चिटणिसांनी त्यांचं व्याख्यान ठेवलं. सभागृह भरलं. हार घातला गेला. डब्लिनकर उभे राहिले आणि म्हणाले, "आज मी आपल्याला एका कारकुनाची ओळख करून देणार आहे."

दोन तास ते त्या कारकुनावर बोलले. तो लढाईनंतर शत्रूची प्रेतं कशी मोजी, आणि त्याच लढाईचं बक्षीस त्याच्या साहेबाला कसं मिळायचं होतं, आणि म्हणून प्रेतं कशी वाढत जात. मग जमिनींकडे वळले. सरदारांनी आपली पिढीजात जमीन आधी राजाच्या पायावर घालायची आणि राजाने तीच सनद करून त्यांना परत द्यायची, म्हणजे काल आपल्या बळावर खाणारा आज राजाच्या कृपेवर खाऊ लागला. इथपर्यंत पुढच्या रांगेतले दोन इनामदार उठून गेले होते. शेवटी तालमीतला एक तरुण उभा राहिला.

"मास्तर, आयरिश वीरांचं सांगा की जरा."

"वीरांनी कागद फार थोडे ठेवले. त्यांच्याबद्दल जे उरलंय ते बरंचसं त्यांच्या शत्रूंनी लिहिलेलं आहे. तेच सांगतोय."

"मंग आमी काय शत्रूचं ऐकाया आलोय व्हय हितं?"

"शत्रूचंच ऐका. फक्त ऐकताना त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करा. कागद साक्षीदार नसतो, आरोपी असतो."

टाळ्या एकट्या माझ्या होत्या, आणि त्यासुद्धा अर्ध्यावर थांबल्या. त्या दिवसापासून देशभक्त मंडळी त्यांना सरकारचा माणूस समजू लागली.

सांगोल्याकडच्या माणसाने आयर्लंडवर जीव जडवावा यात एक अडचण होती. त्या देशात पावलोपावली दलदल. इंग्रजांच्या पलटणीच्या पलटणी त्यात रुतत. ज्या तालुक्यात चिखल दिसला तर लोक पोरांना दाखवायला नेतात, तिथे वाढलेल्या माणसाने दलदल समजावून सांगायची कशी? एकदा एका पोराने विचारलं, "सर, दलदल म्हणजे काय?" त्यांनी वर्ग पटांगणात नेला, शाळेच्या रांजणातलं पाणी काळ्या मातीत ओतवलं, पोरांना अनवाणी त्यात उभं केलं आणि बांधावरून ओरडले, "आता शत्रू आला. पळा." पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. राणीची पलटण का हरली ते त्या वर्गातलं कुणी जन्मात विसरणार नाही. भिवा शिपाई घागर घेऊन बघत राहिला.

"मास्तर, प्यायचं पानी व्हतं त्ये. मी हिरीवरनं वाहून आनतो, आन तुमी हितं आयर्लंड करून ठिवलंय."

"भिवा, तुझी तक्रार रास्त आहे. लेखी दे."

"लिवता आलं असतं तर पानी वाहिलं असतं का?" भिवा म्हणाला. डब्लिनकरांनी ते वाक्य फार मोलाचं मानलं. पुढे कित्येक महिने ते दर कागदामागे विचारत, "यात पाणी कुणी वाहिलं? त्याचं काही लिहिलंय का कुणी?"

घरी त्यांचं वागणं याहून निराळं नव्हतं. गिरणीच्या भोंग्यावर अख्खं सोलापूर घड्याळं लावी, पण यांचा भोंग्यावर विश्वास नव्हता. "भोंगा गिरणीमालकाचा. सकाळी लवकर वाजणार आणि संध्याकाळी उशिरा." या तत्त्वनिष्ठेपायी ते शाळेत नेहमी उशिरा येत. लग्नपत्रिका आली की खाली निमंत्रक कोण ते आधी पाहत आणि त्यावरून जेवण कसं असेल ते ठरवत. हे मात्र बहुतेक वेळा बरोबर निघे. त्यांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणत असू. त्या एकदा मला चहा देताना म्हणाल्या, "सकाळी मी सांगितलं, दूध नासलंय. हे म्हणाले, गवळ्याचं काय म्हणणं आहे?" आतून आवाज आला, "दोन्ही पक्ष ऐकावे लागतात." काकू म्हणाल्या, "तो गवळी, मी बायको आणि ते दूध. तीन पक्ष झाले. पिऊन बघितलं असतं तर तिसऱ्यानेच सांगितलं असतं."

पण त्यांची कीर्ती ज्याने कायमची झाली ते म्हणजे सुतक.

आयर्लंडात स्वराज्य आलं आणि येताक्षणीच तिथले लोक आपसात लढायला लागले. त्या लढाईत डब्लिनचा सरकारी दफ्तरखाना जळाला. शेकडो वर्षांचे कागद एका दिवसात गेले, राख म्हणे शहरभर उडत होती. ही बातमी आमच्याकडे पोचली ती वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, चार ओळींत. दुसऱ्या दिवशी डब्लिनकर शाळेत आले नाहीत. रजेचा अर्ज आला: घरात सुतक असल्याने दहा दिवस येता येणार नाही. हेडमास्तरांनी मला समाचाराला पाठवलं.

काकू दारातच भेटल्या. "या. सुतक आहे खरं, पण कुणाचं ते शेजारी विचारू नका."

ते माजघरात कांबळ्यावर बसले होते. दाढी वाढलेली, कपाळाला गंध नाही. मी चाचरत म्हणालो, "ऐकून वाईट वाटलं. इंग्रजांनी जाळलं का?"

"इंग्रज कागद जाळत नाही, तो फायलीला लावतो," ते म्हणाले. "भाऊबंदांनी जाळलं. आता मंगळवेढेकर, त्या देशाला आपल्या पणजोबाचं नाव विचारायचं झालं तर लंडनला जावं लागेल. तिकडे गेलेली पत्रं तेवढी राहिली. घरचा कागद जळाला आणि शत्रूकडची प्रत उरली." मग म्हणाले, "तुमच्याविषयी उद्या फक्त तुमच्या शत्रूची प्रत उरली, तर तुम्ही कोण ठराल?"

मी मान हलवली आणि उठलो. बाहेर येऊन मात्र मास्तरांच्या खोलीत नक्कल करून दाखवली, कांबळ्यासकट. चहा सांडेपर्यंत सगळे हसले.

आणि तरीही दर संध्याकाळी मी त्यांच्याकडे जात होतो. मंगळवेढ्याहून नवा आलेलो, ओळखदेख नाही, खाणावळीतलं जेवण. काकू गरम भाकरी वाढत आणि हे मला कागद वाचायला शिकवत. कुणी लिहिलं, कुणाला लिहिलं, कशासाठी लिहिलं. कोणतं वाक्य डोळ्यांनी पाहिलेलं आणि कोणतं कानांनी ऐकलेलं. आयर्लंडातल्या एका मोठ्या बंडानंतर पळून आलेल्या लोकांच्या जबान्या घेतल्या होत्या, त्यांत 'असे ऐकले की' जिथे येई तिथे खुणेसाठी ते शेंगेचं टरफल ठेवत. एक संध्याकाळ अशी गेली की पान दिसेना, नुसती टरफलं.

अंमलदारांच्या लबाड्याही त्यांनी मला तिथेच शिकवल्या. "खोटं लिहिणारा कच्चा," ते म्हणत. "मुरलेला कारकून खरंच लिहितो. फक्त एका खऱ्याशेजारी दुसरं खरं असं बसवतो की वाचणाऱ्याने तिसरं खोटं आपण होऊन समजावं." आणि, "ज्याला बुडवायचं असेल त्याची तिसऱ्या परिच्छेदात स्तुती करायची. मग लिहिणारा न्यायी दिसतो." एवढं सगळं उलगडून झाल्यावर मी एकदा वैतागून विचारलं, "मग यात विश्वास ठेवावा असं काहीच नाही?"

"आहे की. लिहिणाऱ्याने स्वतःच्या तोट्याचं जे लिहिलं असेल तेवढं खरं धरायचं." त्यांनी खंड मिटला. "अशी वाक्यं फार सापडत नाहीत."

शहरात मार्शल लॉ येऊन गेला, त्याच्या पुढल्या वर्षीची गोष्ट. सरकार आता प्रत्येक शाळेच्या खिडकीतून आत बघू लागलं होतं. शिक्षण खात्याच्या इन्स्पेक्टरकडून हेडमास्तरांना गुप्त पत्र आलं: आपल्या शाळेत एक शिक्षक मुलांना आयर्लंडच्या बंडाचे धडे देतो असे कळते, तरी खुलासा करावा. शाळेची ग्रँट त्या खुलाशावर लटकली होती. हेडमास्तरांना इंग्रजी लिहायला वकील लागत असे. वकिलाला गुप्त गोष्ट सांगता येत नाही, म्हणून त्यांनी मला बोलावलं.

"तुम्ही त्यांच्याकडे जाता. तुम्हाला सगळं ठाऊक. जे खरं असेल तेच लिहा," ते म्हणाले, आणि दाराकडे बघून पुढे म्हणाले, "इतिहासाची मुख्य जागा रिकामी झाली तर कमिटीपुढे तुमचंच नाव आहे."

तेव्हा माझं लग्न उशिरा का होईना ठरलं होतं आणि नोकरी इतक्या वर्षांनंतरही कच्ची होती. ही सबब नव्हे, वाचणाऱ्याने तोलावं म्हणून सांगितलं.

मी लिहिलं. सदर शिक्षकाच्या घरी आयर्लंडातील बंडांसंबंधी पुष्कळ ग्रंथ आहेत व ते विद्यार्थ्यांना दाखवले जातात. खरं होतं. डब्लिनच्या लढाईत एक सरकारी इमारत पडली तेव्हा त्यांनी दहा दिवस शोक पाळला. खरं. सरकारी कागद जसाच्या तसा खरा धरू नये असे ते वर्गात शिकवतात. खरं. राणीच्या सैन्याचा पराभव कसा होतो याचे प्रात्यक्षिक त्यांनी पटांगणात मुलांकडून करवून घेतले. तेही खरंच. ही सगळी वाक्यं शेजारी शेजारी बसवली, तिसऱ्या परिच्छेदात त्यांना 'अत्यंत विद्वान व निर्मळ चारित्र्याचे' म्हटलं, आणि हेडमास्तरांच्या सहीसाठी पुढे केलं. लिहिताना मला आनंद होत होता. हे कबूल करायला सगळ्यात जड जातं. एकेक वाक्य जमत गेलं तसं मला वाटत होतं, हे आत्ता त्यांनी पाहायला हवं होतं.

त्यांनी ते पाहिलंच. कमिटीने त्यांना बोलावलं आणि हेडमास्तरांनी आपल्याच नावचा खुलासा अडखळत वाचून दाखवला. मी कोपऱ्यात टिपण घ्यायला बसलो होतो. डब्लिनकर डोळे मिटून ऐकत होते, गाणं ऐकावं तसं.

"पुन्हा वाचा," ते म्हणाले.

हेडमास्तरांनी गोंधळून पुन्हा वाचलं.

"कागद उत्तम आहे. सही केमकरांची, पण केमकरांना 'नॉटविथस्टँडिंग' हा शब्द उच्चारता येत नाही हे आत्ता दोनदा सिद्ध झालं. लेखक तरुण आहे, तयारीचा आहे. तिसऱ्या परिच्छेदात माझी स्तुती केलीय, म्हणजे त्याला माझी खुर्ची हवी आहे." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. "कमिटीने त्याला ती द्यावी. शिकवलेलं लक्षात ठेवणारे फार थोडे असतात."

त्यांच्याकडून 'प्रकृतीच्या कारणास्तव' राजीनामा लिहून घेतला. त्यांनी तो लिहिला आणि खाली टीप जोडली: 'प्रकृती उत्तम आहे.' ती टीप कापून घ्यावी लागली.

नोकरी गेल्यावर ते कलेक्टर कचेरीबाहेर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहू लागले. हा धंदा त्यांना जमेल असं ज्यांना वाटलं त्यांना ते ठाऊकच नव्हते. पहिल्याच अर्जाच्या शेवटी त्यांनी लिहिलं, 'वरील हकीकत अर्जदाराच्या फायद्याची असल्याने सरकारने ती जपून घ्यावी.' अर्जदार बोरामणीकडचा होता. अर्ज फेटाळला गेल्यावर तो परत आला आणि म्हणाला, "मास्तर, तुमी माज्या बाजूनं हाय का त्यांच्या?" "खऱ्याच्या," हे म्हणाले. "मग त्याच्याकडनंच पैसं घ्या," म्हणून तो निघून गेला. पुढे लिंबाखाली ते आणि सावली दोघंच उरले. काकूंनी शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्या करून विकायला सुरुवात केली आणि घर चाललं. शेंगांची टरफलं आता भरपूर होती.

मला मुख्य जागा मिळाली, लग्न झालं, पहिलं मूल झालं. झोप तेवढी गेली. दोनेक वर्षांनी पेढ्यांचा पुडा घेऊन मी त्यांच्याकडे गेलो आणि जे केलं ते सांगितलं. रडलो.

"हे तोंडी झालं," ते म्हणाले. "तोंडी म्हणजे ऐकीव. आणि मंगळवेढेकर, मला ठाऊक असलेलंच तुम्ही मला सांगताय."

आतून काकू म्हणाल्या, "अहो, रडतोय तो. घ्या की पदरात."

"रडणं हा पुरावा नव्हे. पेढे घ्या, ते प्रत्यक्ष आहेत."

आठवड्याने मी लेखी माफी घेऊन गेलो. चार पानं. त्यांनी चष्मा लावून वाचली, अगदी जज्जसाहेबाच्या खंडांसारखी, आणि परत माझ्या हातात दिली.

"या कागदाच्या लेखकाला काय हवंय?"

"क्षमा," मी म्हणालो.

"म्हणजे लेखकाचा यात लाभ आहे. मग हा कागद मी कसा मानू? आणि लिहिलाय कुणाला? मला. मी उद्या मरेन, काकू याने चूल पेटवील." मग त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. "नोकरीचं सोडा हो. खुर्ची काय, लाकूड. पण तो तुमचा कागद फायलीला लागलाय. तीनशे वर्षांनी कुणी एक वेडा सोलापूरचं दफ्तर उघडेल, आणि त्यात माझ्याबद्दल एवढा एकच कागद सापडेल. मी कोण होतो ते तो तुमच्या तोंडून वाचेल. मी आयुष्यभर त्या सरदारांना शत्रूच्या पत्रांतून बाहेर काढत बसलो, आणि शेवटी स्वतःच तिथे जाऊन पडलो."

एवढं बोलून ते खंड उघडून बसले. मी उठलो.

पुढे काही वर्षं मी त्यांचा रस्ता टाळला. माझ्या वर्गात मी सनावळ्या शिकवत होतो. पटांगण कोरडं होतं आणि भिवा माझ्यावर खूश होता. मग हेडमास्तर निवृत्त झाले आणि कमिटीने त्यांच्या जागी माझं नाव ठरवलं. इन्स्पेक्टरची मंजुरी तेवढी यायची होती. अभिनंदनाचे हार घेऊन घरी आलो त्या संध्याकाळी मला त्यांचं वाक्य आठवलं, स्वतःच्या तोट्याचं जे लिहिलं असेल तेवढं खरं धरायचं. तोट्याचं लिहायला आधी काही तरी गाठीशी असावं लागतं. ते आता माझ्याजवळ होतं.

लिहून झाल्यावर बायकोला वाचून दाखवलं. तिने लाटलेली पोळी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "पाप तुम्ही एकट्याने केलंत. प्रायश्चित्त पोरांच्या ताटातून का?" आज शिकवण्या घेऊन घर चालवताना तो प्रश्न रोज ताटाशी येऊन बसतो. तिने पीठ झटकलं आणि म्हणाली, "टाकायचं तर रजिस्टरने टाका. साध्या टपालाने गेलं तर गहाळ झालं म्हणतील."

रजिस्टरची पावती आणि नक्कल घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांची दृष्टी अधू झाली होती. ऐन वैशाखात चादर पांघरून बसले होते. त्यांच्या खंडात हिवाळ्याची मोहीम चालू असावी. काकूंनी सांगितलं कोण आलंय.

"मूळ कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"इन्स्पेक्टरच्या कचेरीत. पावती आहे."

त्यांनी पावती बोटांनी चाचपली. "तिसऱ्या परिच्छेदात माझी स्तुती केलीय का?"

"नाही."

"मग वाचा."

मूळ इंग्रजीत होतं. त्यात 'नॉटविथस्टँडिंग' नव्हतं. मराठीत ते असं:

'आपल्या कचेरीत आमच्या शाळेच्या एका माजी इतिहास शिक्षकाविषयी गुप्त अहवाल आहे. त्यावर हेडमास्तरांची सही असली तरी तो मी लिहिला. त्यातले प्रत्येक वाक्य खरे आहे व अहवाल संपूर्ण खोटा आहे. तो शोक बंडासाठी नव्हता, जळालेल्या कागदांसाठी होता. पटांगणात पलटण नव्हती, चिखल होता. सरकारी कागद मानू नये असे त्यांनी कधीही शिकवले नाही. तो कसा वाचावा हे शिकवले, आणि ते शिकून मी तो अहवाल लिहिला.

याबद्दल मी त्यांची माफी मागतो. हे पत्र त्यांना न लिहिता आपणांस लिहीत आहे, कारण माझा पहिला कागद आपल्याकडे आहे. कृपया हा त्याच फायलीत, त्याच्या लगेच खाली लावावा, म्हणजे एक उघडणाऱ्याच्या हाती दुसराही येईल.

या कागदाच्या लेखकाला काय हवे होते, असे पुढे कुणी विचारील. जे हवे होते ते त्याला पहिल्या कागदाने मिळाले होते. ते तो सोबतच्या राजीनाम्याने परत करीत आहे.'